छऱ्याच्या बंदुकीवर दुर्बीण किती उंच?

राजगुरुनगर भागात कोणी नेमबाजीच्या सरावासाठी छऱ्याच्या बंदुकीवर दुर्बीण बसवीत असेल, तर ती नळीला न टेकेल इतपत खालीच बसवावी. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाचा बाहेरचा व्यास ५० मिलिमीटर असेल, तर निम्मे २५ आणि मोकळीक ३. नळीच्या माथ्यापासून दुर्बिणीच्या मध्यापर्यंत २८ मिलिमीटर पुरे. गाल दस्त्याला टेकून डोळा आपसूक समोर यावा. मान उचलावी लागली, तर दुर्बीण उंच झाली समजा.

ध्यानात ठेवा, नजर वरून जाते, छर्रा खालून निघतो. बांधाआडून समोर मोकळे दिसले, तरी नळीपुढे दगड असू शकतो. छर्रा उलटला तर डोळा जाईल! मागे मातीचा ढीग असेल तेथेच सराव करा. कणसे खाणाऱ्या मोरावर मात्र नेम नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.