गेलेल्या दाताच्या जागी स्वतःचाच दात



खेळताना पडून पटाशीचा दात गमावलेले मूल हसताना तोंडावर हात धरते. वाढत्या वयात धातूचे कृत्रिम मूळ बसविणे इष्ट नसते. ते हाडाला घट्ट चिकटते. जबडा वाढतो आणि तो दात आखूड दिसू लागतो.

अशा वेळी मुलाचाच दुसरा दात तेथे बसविता येतो. नॉर्वेतील ऑस्लो येथे स्लाग्सवोल्ड व ब्येर्के यांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. दातांच्या दाटीमुळे जी उपदाढ काढावीच लागणार असते, तीच येथे उपयोगी पडते. मुळाभोवतीचे तंतुमय आवरण न दुखावता ती अलगद काढून नव्या खोबणीत ठेवतात व पुढे तिला पटाशीच्या दाताचा आकार देतात. आवरण जिवंत राहिल्यास दात जबड्याच्या वाढीबरोबर पुढे सरकतो.

मात्र यास वेळेचे बंधन आहे. उपदाढेचे मूळ दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश वाढलेले असणे उत्तम. मुळाचे टोक तेव्हा उघडे असल्याने रक्तपुरवठा पुन्हा सुरू होऊ शकतो. ऑस्लोत अशा ३३ दातांची सरासरी २६ वर्षांनंतर तपासणी झाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार टिकून राहण्याचे प्रमाण ९० टक्के होते.

प्रत्येक मुलास हा उपाय लागू पडेलच असे नाही. तो निर्णय तज्ज्ञांचा. परंतु ‘मोठेपणी पाहू’ असे म्हणून थांबल्यास ही संधी निघून जाते. म्हणून दात गेल्यावर दंतवैद्याकडून क्ष-किरण तपासणी वेळीच करून घ्यावी.