घरी जाण्याचा निर्णय कोणाचा?

(ज्ञातिमंडळाच्या खराडी येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या मेळाव्यात विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, वधूवरांच्या याद्या वाचल्या जातात. आज आम्ही एका निराळ्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. घरातले वडीलधारे माणूस रुग्णालयातून परत यावयाचे असते, तेव्हा त्याने कोठे आणि कोणाच्या आधाराने राहावे, हे ठरवितो कोण?

खराडी हे एके काळी शेतीवाडीचे गाव. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेत आले. आज येथे संगणक कंपन्यांच्या उंच इमारती उभ्या आहेत. मुलगा व सून कामावर आणि आई दिवसभर वरच्या मजल्यावर एकटी, अशी घरे आपल्यातही पुष्कळ आहेत. म्हणून हा प्रश्न कोणा परक्याचा नव्हे.

बहुधा घडते ते असे. डॉक्टर मुलाशी बोलतात, मुलगा बिलाच्या खिडकीपाशी उभा असतो, जावई गाडी आणतो. खाटेवरच्या माणसाखेरीज सर्वांना सर्व ठाऊक असते. विचारलेच तर उत्तर येते, "तुम्ही ठरवाल ते." आपण यालाच संमती समजतो. पण ती संमती नव्हे, तो संकोच होय. ज्याने जन्मभर घराचे निर्णय घेतले, त्याला आता आपण कोणास ओझे होऊ नये एवढीच चिंता लागलेली असते.

कायद्याची दृष्टी याहून स्वच्छ आहे. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सज्ञान व निर्णयक्षम रुग्णाऐवजी त्याच्या आईने दिलेली संमती पुरेशी नाही. मग वृद्ध आईऐवजी मुलाची संमती तरी कशी पुरावी? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेप्रमाणे बिलाच्या वादावरून रुग्णास अडवून ठेवता येत नाही. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. ही माहिती वडीलधाऱ्यांच्या कानी घालावी. खर्चाच्या भीतीनेच पुष्कळदा त्यांचे तोंड मिटलेले असते.

कोणी म्हणेल, आजारात म्हातारे माणूस भ्रमिष्टासारखे बोलते, त्याला काय विचारावयाचे? रुग्णालयात वृद्धांना असा भ्रम होतो हे खरे. पण तो पुष्कळदा तात्पुरता असतो. आज उत्तर आले नाही, तर उद्या सकाळी पुन्हा विचारावे. एका दिवसाच्या भ्रमावरून उरलेल्या आयुष्याचा निकाल लावणे न्यायाचे नव्हे.

तसेच वडिलांची प्रत्येक इच्छा पुरी होईलच असे नाही. गावच्या घरी एकटे राहण्याचा हट्ट कधी मान्य करता येत नाही. परंतु "नाही" म्हणावयाचे तर ते त्यांच्यासमोर, कारण सांगून म्हणावे. मागाहून परस्पर सामान हलवू नये. नकार मनुष्य सोसतो, डावलले जाणे त्याला सोसत नाही.

म्हणून आमची विनंती अशी. घरी सोडण्याचा दिवस ठरण्यापूर्वीच खाटेशेजारी बसून बोलावे. औषधे कोणती व किती दिवस, संडासापर्यंत कसे जाता येईल, दुपारी जवळ कोण असेल, त्रास वाढल्यास कोणाला कळवावयाचे, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्याच हाती द्यावे. डॉक्टरांनाही सांगावे, "आपण त्यांच्याशीच बोला." आणि ज्येष्ठांनो, आपणही "तुम्ही ठरवाल ते" म्हणण्यापूर्वी आपले मन एकदा उघड करावे. मागणे म्हणजे ओझे होणे नव्हे.

आपल्या मंडळात निवृत्त परिचारिका व डॉक्टर आहेत. अशा प्रसंगी त्यांनी त्या कुटुंबाबरोबर एक तास बसावे, एवढी व्यवस्था मंडळाने या वर्षी केली तरी आजचा मेळावा सार्थकी लागेल, असे सुचवून आम्ही आपली रजा घेतो.