गावचा इतिहास आणि आपली शाळा
(ओवे, ता. पनवेल येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



इतिहास म्हणजे राजांच्या लढाया व सनावळी, अशी समजूत अद्याप आढळते. परंतु संग्रहालय, स्मारक, गावची जत्रा, वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांतूनही समाज आपला भूतकाळ जतन करीत असतो. या जतनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणजे सार्वजनिक इतिहास होय. 1976 साली कॅलिफोर्नियात प्रा. रॉबर्ट केली यांनी त्याचे विद्यापीठीय शिक्षण सुरू केले. त्याआधीच इंग्लंडात राफाएल सॅम्युएल यांनी कामगारांना स्वतःचा इतिहास लिहिण्यास प्रवृत्त केले होते. आपल्याकडे 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून घरोघरची दप्तरे जमविण्याची परंपरा आहेच.

उदाहरण दूरचे नको. उरण तालुक्यातील चिरनेर येथे 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन आठ आंदोलक हुतात्मा झाले. त्याच प्रसंगी मामलेदार जोशी हेही मृत्यू पावले. स्मारकापुढे नतमस्तक होणे योग्यच. परंतु विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंची हकीकत जाणणे, हे अधिक कठीण व अधिक मोलाचे आहे.

आता या ओवे गावाकडे पाहा. 1970 साली सिडकोची स्थापना झाली व ठाणे, पनवेल, उरण भागांतील 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. भातखाचरे गेली; त्यांची नावे मात्र काही वृद्धांच्या मुखी उरली आहेत. ती माणसे गेली की नावेही जातील. मग इमारतीखाली काय होते, हे मुलांना कोण सांगणार?

म्हणून विनंती अशी की, प्रत्येक वर्गाने वर्षातून एका वृद्धाची मुलाखत घ्यावी. सांगणाऱ्याची संमती, वय व दिनांक लिहावा. त्याचे बोल त्याच्याच भाषेत उतरावेत. सातबारा, फेरफार व शाळेचे जनरल रजिस्टर यांशी ते ताडून पाहावेत. मेळ न बसल्यास दोन्ही नोंदी ठेवाव्यात. आपल्या मर्जीने एक खोडू नये. शेवटी ही वही गावसभेत वाचून दाखवावी, कारण ती गावाचीच ठेव आहे.

हे कार्य अल्पखर्चाचे आहे. त्यास हवी केवळ वेळेची व प्रामाणिकपणाची जोड. ती आपण द्याल, असा मला विश्वास वाटतो.