बेसनगरचे वासुदेवमंदिर आणि एका यवनाचा गरुडध्वज



ग्रीक देवालय म्हटले की अथेन्सच्या टेकडीवरील पार्थेनॉनचे संगमरवरी खांब डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु एका ग्रीकाने ज्या देवालयापुढे आपल्या नावाचा खांब उभारला, ते देवालय याच मध्य प्रदेशात, विदिशेजवळ बेसनगर येथे होते. ते ग्रीक देवतेचे नव्हते, वासुदेवाचे होते.

दापोऱ्याच्या श्रोत्यांना हे स्थळ फार दूरचे वाटू नये. पालि सुत्तनिपातात बावरीचे शिष्य प्रतिष्ठानाहून माहिष्मती, उज्जयिनी आणि विदिशा या मार्गाने उत्तरेकडे गेल्याचे वर्णन आहे. हे प्रतिष्ठान म्हणजे गोदाकाठचे पैठण. तेथून माहिष्मतीला जाणाऱ्या वाटसरूला तापीचे खोरे ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. मराठी मुलुख आणि विदिशा यांची जोडणी अशी बऱ्हाणपूरच्या परिसरातूनच झालेली आहे.

बेसनगरचा खांब एकसंध दगडाचा आहे. तळाशी तो अष्टकोनी, मध्ये सोळा पैलूंचा, त्यावर बत्तीस पैलूंचा आणि पुढे गोल होत जातो. त्यावरील लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहे. तक्षशिलेचा रहिवासी, दियाचा म्हणजे दिओनचा पुत्र हेलिओडोरस याने देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला. तो अंतलिकित महाराजाकडून काशीपुत्र भागभद्र राजाकडे दूत म्हणून आला होता. आणि हे भागभद्राच्या राज्याच्या चौदाव्या वर्षी घडले, असा त्याचा आशय. अंतलिकित म्हणजे यवन राजा अँटिअल्किडस. यावरून खांबाचा काळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा ठरतो.

लेखातील दोन शब्द विशेष विचार करण्याजोगे आहेत. पहिला ‘त्रातार’. भारतीय राजांच्या बिरुदांत हा शब्द सहसा आढळत नाही. यवन राजांच्या नाण्यांवर मात्र ‘सोटेर’ या ग्रीक पदवीचे प्राकृत रूप म्हणून तो वारंवार येतो. दूताने आपल्या राजाच्या घरची पदवी परक्या राजाला बहाल केली. मजकुराच्या घडणीत त्याचा स्वतःचा हात असावा, असे यावरून वाटते. दुसरा शब्द ‘भागवत’. हेलिओडोरस स्वतःला भागवत म्हणवितो. हा निव्वळ राजनैतिक शिष्टाचार होता, असे मानणारे अभ्यासक आहेत. तथापि यजमानाला खूश करण्यासाठी ध्वज पुरेसा होता. स्वतःच्या नावामागे भागवत हे विशेषण जोडण्याची कोणी सक्ती केली नव्हती. वासुदेव यवनांना तोवर अपरिचितही नव्हता. अफगाणिस्तानातील ऐ खानूम येथे १९७० मध्ये सापडलेल्या अगाथोक्लीस राजाच्या नाण्यांवर वासुदेव व संकर्षण यांच्या आकृती आहेत, आणि तो राजा हेलिओडोरसाच्या कितीतरी आधीचा. लेखाच्या दुसऱ्या भागात दम, त्याग व अप्रमाद ही तीन अमृतपदे सांगितली आहेत. महाभारतातही हा विचार जवळजवळ त्याच शब्दांत येतो.

हा लेख दोन सहस्र वर्षे तेथेच होता आणि तो कोणाला दिसत नव्हता! परिसरातील ढीमर मंडळी या खांबाला ‘खाम बाबा’ म्हणून पुजीत. शेंदराची पुटे इतकी चढली होती की १८७७ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅमसारखा जाणता संशोधक खांबापाशी येऊनही त्याला एक अक्षर दिसले नाही. घडणीवरून त्याने खांब गुप्तकाळातला मानला. १९०९ मध्ये लेक यांना शेंदराखाली अक्षरांचा भास झाला, थोडा शेंदूर काढला गेला आणि जॉन मार्शल यांनी तो शोध जगापुढे मांडला. शेंदराने लेख झाकला असे म्हणणे सोपे आहे. पण ज्यांना त्यातले अक्षरही वाचता येत नव्हते, त्यांच्याच भक्तीमुळे खांब जागेवर राहिला. बेसनगरचे इतर दगड गावोगावच्या भिंतींत गेले. बाबाला हात लावण्यास कोणी धजला नाही.

त्या काळी बेसनगर ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानात होते. पुढचे काम मराठी विद्वानांच्या हातून झाले, याचा येथे अभिमानाने उल्लेख केला पाहिजे. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी १९१३ ते १९१५ या काळात उत्खनन केले. खांब ताठ राहावा म्हणून तळाशी मारलेल्या पाचरी त्यांना मिळाल्या. परीक्षेअंती त्या पोलादाच्या निघाल्या. मुख्य उंचवट्यावर पुजाऱ्याचे घर असल्याने तेथे मात्र त्यांना मनाजोगते खणता आले नाही. देवालय त्या घराखालीच दडले होते. १९६३ ते १९६५ मध्ये म. द. खरे यांनी ते उघड केले: लंबवर्तुळाकार पाया, विटांचे काम, आणि वर बहुधा लाकडी बांधणी. पहिले देवालय खांबापेक्षाही जुने होते. ते पुरात गेल्यावर जमीन भर घालून उंच करण्यात आली आणि तेथे दुसरे उभे राहिले. हेलिओडोरसाने ध्वज उभारला तो या दुसऱ्यापुढे. खांबांचे आणखी सात खड्डेही खरे यांना आढळले. म्हणजे हा ध्वज एकटा नव्हता.

लाकडाच्या देवालयाचे हसू येण्याचे कारण नाही. ऑलिंपिया येथील हेरादेवीच्या मंदिराचे खांबही मुळात लाकडी होते. ते एकेक करून दगडी झाले, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसानिअस या प्रवाशाने त्यांतला ओक लाकडाचा एक खांब पाहिल्याची नोंद केली आहे. हेलिओडोरसाच्या तक्षशिलेजवळही जंडियाल येथे आयोनिक खांबांचे देवालय मार्शल यांना सापडले. त्या नगरातून आलेल्या माणसाला देवापुढचा दगडी खांब नवलाचा वाटला नसावा.

मराठी मुलुखातही अशा यवनांच्या खुणा आहेत. कार्ल्याच्या चैत्यातील काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिले. नाशिकचे सतरावे लेणे इंद्राग्निदत्त या उत्तरेकडील यवनाने कोरविले. ती दाने बौद्ध संघाला आहेत. वासुदेवभक्तीचा धागा नाणेघाटात सापडतो; तेथील सातवाहन राणीच्या लेखात संकर्षण व वासुदेव यांना वंदन आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १९१३ च्या आपल्या वैष्णव-शैव पंथांवरील ग्रंथात बेसनगर आणि नाणेघाट या दोन्ही लेखांची साक्ष काढली आहे.

खांबाच्या माथ्यावर गरुड आज नाही. बेसनगरला सापडलेली ताडाच्या झाडाची आणि मकराची शीर्षे ग्वाल्हेरच्या गुजरी महालात ठेवलेली आहेत. ताड हे संकर्षणाचे चिन्ह आणि मकर प्रद्युम्नाचे. वासुदेवाच्या शेजारी त्याच्या बंधूचा व पुत्राचाही ध्वज तेथे फडकत असावा.