तव्यावरची मिश्री आणि डबीतलं मंजन

तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास कुणाला ओळखीचा नाही? आमच्या आळीत सकाळी एका घरात तवा तापला, की चार घरांत खोकला सुरू होतो. पानं काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि डबीत भरायची, ही आपली मिश्री. दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चार-पाच वेळा बोट डबीत जातं.

आमच्या गटात दंतमंजन करायचं ठरलं ते पैसे वाचवायला. पण बोलायला बसलो तेव्हा कळलं की निम्म्या जणींच्या कनवटीला मिश्रीची डबी आहे. कुणी दाढ ठणकली म्हणून धरलेली, कुणी पोट साफ होत नाही म्हणून. दोघी-तिघींना तर लहानपणी आजीची मिश्री भाजता भाजता लागली होती. आणि आता त्यांच्याच घरात ती भाजायला नात बसते.

मिश्री म्हणजे तंबाखूच, हे आधी मान्य करू या. भाजली म्हणून तिचं विष जळत नाही. तोंडाचा कॅन्सर तिच्यानं होतो. पोटुशी बाई मिश्री लावत असेल तर बाळ कमी वजनाचं जन्मायची भीती असते, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला ती दुधातून पोचते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली. पण आपल्या तव्यावर कोण बघायला येणार? तिथं बंदी आपणच करायची.

तर मंजन. पहिल्या खेपेला आम्ही चुकलो, ते आधी सांगतो. चुलीतला कोळसा कुटला, त्यात जाडं मीठ घातलं आणि मोठ्या हौसेनं घासलं. दात चकचकीत झाले, पण हिरड्या सोलवटल्या आणि गार पाणी प्यालं की कळ यायला लागली. कोळसा, विटकरीचा चुरा, जाडी राखुंडी यांनी दातांवरचं कठीण कवच झिजतं, आणि झिजलेलं पुन्हा भरून येत नाही. जुन्या माणसांचे दात राखुंडीनं टिकले असं म्हणतात. पण त्यांच्या ताटात साखर किती होती, तेही बघा.

आता आम्ही असं करतो. बाभळीची साल घेतो, पण उभ्या झाडाची सोलत नाही. सरपण फोडताना निघते ती पुरते. साल उन्हात आणि कडुलिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवायचा. सालीची पूड ४ चमचे, पाल्याची २ चमचे, त्रिफळा चूर्ण २ चमचे, बारीक मीठ १ चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा आणि १०-१५ लवंगा. सगळं खलबत्त्यात कुटून दोनदा वस्त्रगाळ करायचं. इथं आळस नको. बोटाच्या चिमटीत धरून चोळलं आणि कचकच लागली, तर पुन्हा गाळा. ते पिठासारखं लागलं पाहिजे.

ज्यांना पेस्ट हवी त्यांनी २ चमचे मंजनात १ चमचा खोबरेल कालवायचं. थंडीत ती आपोआप घट्ट होते, उन्हाळ्यात पातळ होते, म्हणून बिघडली असं समजू नका. पाणी मात्र घालायचं नाही, बुरशी येते. ओला ब्रश डबीत बुडवायचा नाही. कोरड्या चमच्यानं काढून हातावर घ्यायचं. एका वेळी महिन्यापुरतंच करा. आणि बोटानं घासण्यापेक्षा मऊ ब्रशनं घासा. रात्री झोपताना घासणं तर सकाळपेक्षाही महत्त्वाचं.

या मंजनाला काय जमत नाही, तेही ऐका. लवंगेनं ठणका थोडा बधिर होतो, दाढेची कीड जात नाही. मिश्रीचंही तसंच आहे. दुखणं झाकतं आणि आत दाढ पोखरत राहते. शिवाय दात किडू नयेत म्हणून पेस्टमध्ये फ्लोराईड असतं, ते आपल्या मंजनात नाही. म्हणून पोरांना आम्ही दुकानातलीच फ्लोराईडची पेस्ट देतो. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी, त्याच्या पुढच्याला वाटाण्याएवढी, आणि गिळू द्यायची नाही. कुणी म्हणेल, मग मंजनाचा खटाटोप कशाला?

त्याचं उत्तर आमच्यातल्या एका आजींनी दिलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, मिश्री लावल्याबिगर चुलीम्होरं बसवत न्हाई मला. तुमचं मंजन लावीन, पन वरनं मिश्रीबी लावीन." आठवडाभर त्यांनी तसंच केलं. आम्हीही काही बोललो नाही. मग दुपारच्या वेळची मिश्री सोडून त्या मंजन लावायला लागल्या. तोंडाला चव हवी म्हणून भाजलेली बडीशेप आणि ओवा पदराला बांधला. बोटाला डबी हवी होती आणि ती होती, फक्त आत तंबाखू नव्हती. मग संध्याकाळची सुटली. सकाळची सोडायला मात्र फार जड गेलं. डोकं दुखलं, सुनेवर दोनदा खेकसल्या, पोट साफ होईना. सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे कोमट पाणी आणि जेवणात भाजीपाला वाढवला, तेव्हा कुठं पोटाचं गाडं रुळावर आलं. एकदा लग्नाच्या गावी पुन्हा लावून आल्या. घरी येऊन त्यांनीच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी परत मंजन घेतलं.

सगळ्याच जणींना जमलं असं नाही. आमच्यातल्या तिघी अजून सकाळची मिश्री लावतात. त्यांना आम्ही गटातून काढलेलं नाही आणि टोमणेही मारत नाही. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा फोन नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि आज रात्री एक काम करा. उजेडात आरसा धरून गालाच्या आत, ओठाच्या मागं, जिभेखाली बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा उभी तीन बोटं मावतील एवढंही तोंड उघडत नसेल, तर मंजन लावत बसू नका. आशाताईंना सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आजींना आम्ही असंच नेलं होतं. डॉक्टरांनी तोंड तपासलं, दोन किडलेल्या दाढा काढायला सांगितल्या. त्या काढून आल्यावर आजी म्हणाल्या, "ह्या दाढंपायीच तर मिश्री धरली हुती, चाळीस वर्सं."