चंद्रावर उतरतानाची थट्टा

जुलै 1969 मध्ये अपोलो 11 चंद्रावर उतरलं. त्याच्या संगणकाचा प्रोग्रॅम अमेरिकेत, एमआयटीच्या प्रयोगशाळेत लिहिला गेला. तो आजही वाचता येतो आणि वाचताना हसू आवरत नाही.

इंजिन पेटवणाऱ्या भागाचं नावच 'बर्न, बेबी, बर्न'! मुळात ही लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ निवेदकाची आरोळी. आकाशवाणीवरून हे सांगताना मला विशेष आनंद होतो.

खरी गंमत मात्र सूचनांशेजारच्या टिपांत आहे. उतरताना रडारची अँटेना जागेवर नसेल, तर प्रोग्रॅम अंतराळवीराला ती फिरवायला सांगतो. तिथली टीप म्हणते, 'कृपया ते खुळं यंत्र फिरवा.' त्याने होकार दिला, की प्रोग्रॅम पुन्हा तपासतो. टीप: 'खोटं तर बोलत नाही ना, बघा!'

संगणकाची कायमची स्मृती जेमतेम 36,864 शब्दांची. पण टिपा कागदावरच राहत, त्यामुळे थट्टेला जागेची अडचण नव्हती. काही सूचनांपुढे लिहिलंय, 'तात्पुरतं, अशी आशा, आशा, आशा.' त्या सूचना तशाच चंद्रावर गेल्या.