जुळ्या गर्भांची परीक्षा



जोडकेळे खाल्ले की जुळे होते, ही समजूत आपल्याकडे चांगलीच रुजलेली आहे. सुनेच्या ताटातून ते हळूच उचलून घेणाऱ्या सासवा आजही भेटतील. केळ्याचा यात काही अपराध नाही. एकाच फलित बीजाचे दोन भाग झाले म्हणजे एकरूप जुळे होते. दोन बीजे एकाच वेळी फळली म्हणजे भिन्न जुळे होते. भिन्न जुळी म्हणजे एका वेळी जन्मणारी साधी भावंडेच. त्यांचे गुणदोष वेगवेगळे. एकरूप जुळ्यांत मात्र गुणसूत्रांचा दोष एकाला असला, तर बहुधा दुसऱ्यालाही असतो.

आता हा दोष ओळखावयाचा कसा? एकट्या गर्भाच्या बाबतीत आईच्या रक्ताची तपासणी पुष्कळ काही सांगून जाते. जुळ्यात तिची पंचाईत होते. आपल्या रामकुंडापाशी अरुणा गोदावरीला मिळते असे आपण मानतो. त्या संगमाखाली एक तांब्या पाणी भरून घेतले आणि ते गढूळ निघाले, तर गढूळपणा कोणत्या प्रवाहाचा हे कोण सांगणार? आईच्या रक्तात दोन्ही गर्भांची द्रव्ये अशीच मिसळलेली असतात. अलीकडे रक्तातील गर्भाचे सूक्ष्म गुणसूत्रकण तपासतात. डाउन सिंड्रोम हुडकण्यास ही परीक्षा जुळ्यातही उपयोगी पडते. पण दोष दोहोंपैकी कोणात, हे तीही सांगत नाही. शिवाय ही केवळ चाळणी आहे, निकाल नव्हे.

म्हणून सोनोग्राफीला महत्त्व येते. 11 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान प्रत्येक गर्भाच्या मानेमागील पाण्याची जाडी निरनिराळी मोजता येते. आणि त्याहूनही मोलाची गोष्ट कळते ती ही, की वार एक आहे की दोन. वार सामाईक असेल, तर एका गर्भाचे रक्त दुसऱ्याकडे वाहत जाण्याचे भय असते. अशा बाईची 16 व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी करावी लागते. दोन मुलगे, दोन मुली की एक-एक, असे घरची मंडळी विचारतात. त्याचे उत्तर देणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने 1988 मध्ये गर्भलिंगचिकित्सेवर कायदा केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. वार ओळखण्यास लिंग सांगण्याची काही गरजही नाही.

निश्चित निदानासाठी साधारण 16 व्या आठवड्याच्या सुमारास सुईने गर्भजल काढतात. भिन्न जुळ्यांत दोन्ही पिशव्यांतून वेगवेगळे घ्यावे लागते, आणि कोणता नमुना कोणाचा याची नोंद डोळ्यांत तेल घालून ठेवावी लागते. या सुईने गर्भपात होण्याचा धोका थोडा, पण असतो. आणि येथे तो निरोगी भावंडालाही भोगावा लागतो.

ही अडचण पुस्तकी नाही. 2020 मध्ये महाराष्ट्रातील एका गर्भवतीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिच्या जुळ्यांपैकी एका गर्भास डाउन सिंड्रोम होता. त्या वेळची 20 आठवड्यांची मुदत उलटून गेली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अनुमती नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या एका गर्भापुरती ती दिली. पुढे 2021 च्या दुरुस्तीने, गर्भात मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास आठवड्यांची मर्यादा उरली नाही. पण कायदा सैल झाला म्हणून शरीर सैल होत नाही. वार सामाईक असेल, तर एका गर्भाला दिलेले औषध दुसऱ्यालाही पोहोचू शकते. तेथे नाळच बंद करण्याची निराळी, अवघड शस्त्रक्रिया करावी लागते. काही आईबाप सगळे ऐकून दोन्ही मुले वाढवावयाची असे ठरवितात. त्यांना वेडे म्हणणाऱ्या नातेवाइकांचा मला राग येतो. तसाच दुसरा निर्णय घेणाऱ्यांना पापी म्हणणाऱ्यांचाही.

पेठ-सुरगाण्याकडची बाई पाचव्या महिन्यात प्रथम दवाखान्याची पायरी चढली, तर वारेची ती खूण तोवर पुसट झालेली असते. आपण शहरवासीयांना तर ती सबब नाही. ज्यांच्या घरी जुळ्याची बातमी आली असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर सोनोग्राफीचा कागद काढून ‘वार एक की दोन’ हे त्यावर लिहिले आहे काय ते पाहावे. नसेल आणि चौदावा आठवडा उलटला नसेल, तर उद्याच डॉक्टरांकडे जावे.